वर्षानुवर्षं पडून असलेली फियाट: धुवायची, की आहे तशी ठेवायची?

वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षं उभी असलेली फियाट बाहेर काढायची ठरली, की पहिल्याच दिवशी दोन माणसं हजर होतात. एक पाण्याचा पाइप घेऊन, दुसरा मोबाइल घेऊन. पहिला म्हणतो, आधी मस्त धुऊन टाकू, मग बघू काय ते. दुसरा म्हणतो, हात लावू नका, परदेशात अशा धुळीसकट गाड्यांना सोन्याचा भाव येतो. दोघांचंही ऐकू नये, निदान त्या दिवशी तरी.

हा लेख मुख्यतः फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी यांच्याबद्दल आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाड्या महाराष्ट्रात अजूनही गोठ्यांत, गोदामांत, सोसायट्यांच्या कोपऱ्यांत सापडतात. ॲम्बेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड असेल तरी पद्धत हीच, फक्त पार्ट बदलतील.

धुळीला भाव कुठून आला

२०१४ मध्ये फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या शेडांमध्ये दशकानुदशकं पडून राहिलेल्या गाड्या सापडल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला. मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकटच दीड कोटी युरोंच्या पुढे गेली. त्याआधी, २००९ मध्ये, माजोरे सरोवराच्या तळातून बुगाटी टाइप २२ वर काढली होती. निम्मीअधिक गंजून गेलेला तो सांगाडा २०१० मध्ये अडीच लाख युरोंहून अधिक किमतीला विकला गेला आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या ‘मलिन’ नावाच्या मोटार-संग्रहालयात आहे त्याच अवस्थेत मांडला गेला.

हे दाखले खरे आहेत, पण आपल्या कामाचे अर्धेच. तिथे पैसे मिळाले ते गाडी दुर्मीळ होती म्हणून आणि तिला मधल्या काळात कोणी हात लावला नव्हता याचा धूळ हा पुरावा होता म्हणून. फियाट हजारोंनी बनली. तिच्यावरच्या धुळीला बाजारात शून्य किंमत आहे. तिचा कारखान्यातला रंग, मूळ काचा, मूळ गादीचं कापड, डॅशबोर्डवरचे न उकललेले स्क्रू यांना मात्र किंमत आहे आणि ती वाढत चालली आहे, कारण आपल्याकडे बहुतेक गाड्या दर पाच-सात वर्षांनी पेंटरकडे जाऊन आल्या आहेत.

म्हणून ‘धुवायची की ठेवायची’ हा एक प्रश्न समजू नये. धुळीचा निर्णय वेगळा, रंगाचा वेगळा, गंजाचा वेगळा आणि यंत्राचा वेगळा. धूळ बहुतेक वेळा काढायचीच असते, रंग शक्यतो राखायचा असतो, गंज थांबवायचा असतो. ब्रेक आणि पेट्रोलची लाइन यांच्या बाबतीत तर जुनेपणाचा मोह अजिबात धरायचा नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ च्या ट्युरिन सनदेत हेच धोरण मांडलं आहे: कमीत कमी हस्तक्षेप, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद, आणि शक्यतो पुन्हा मागे फिरता येईल असंच काम.

आपल्या हवेत धूळ निरुपद्रवी नसते. धूळ ओलावा धरून ठेवते, आणि साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने चढतो. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने ८०-९० टक्क्यांवर असते आणि धुळीत समुद्राचं मीठही असतं. अलिबाग-रत्नागिरीकडच्या गाडीवरची धूळ ‘इतिहास’ म्हणून ठेवणं म्हणजे पत्र्यावर ओला पोतेरा पसरून ठेवणं. सोलापूर, लातूर, नगरकडच्या कोरड्या शेडमधल्या गाडीला इतकी घाई नसते. तिथे नोंदी करायला आठ-पंधरा दिवस लागले तरी बिघडत नाही.

पाण्याआधी कॅमेरा

धूळ एकदा गेली की परत येत नाही. म्हणून बोट लावण्याआधी फोटो. चारही बाजू आणि चारही कोपरे मिळून आठ, मग प्रत्येक पॅनेलचा सरळ समोरून एक, छत, बॉनेट उघडून, डिकी उघडून, दारांच्या कडा, प्रत्येक चाक, आणि मोबाइल जमिनीलगत धरून खालची बाजू. एका बाजूने टॉर्च तिरका धरून काढलेल्या फोटोत पत्र्याच्या लाटा आणि जुनी पुट्टी जी दिसते ती भर उन्हातल्या फोटोत दिसत नाही. फोटोत एक मोजपट्टी ठेवावी.

मग कागदी पुरावे. पुढच्या काचेवरचं टॅक्स टोकन, पेट्रोल पंपाचं सर्व्हिसिंगचं स्टिकर, क्लबचा बिल्ला, मागच्या काचेवर डीलरचं नाव, दाराच्या कडेला चिकटवलेली ऑइल बदलाची चिठ्ठी. गॅरेजवाला पहिल्या तासात ब्लेडने खरवडून टाकतो त्या याच गोष्टी. त्यांवर आतून पारदर्शक कागद टेपने लावून मोठ्या अक्षरात ‘काढू नये’ असं लिहावं. सीट खाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात, गालिच्याखाली जे काही निघेल ते, मग ती एसटीची तिकिटं असोत की दहा पैशांची नाणी, छोट्या झिप पिशवीत घालून कुठे मिळालं ते लिहावं.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवून घ्यावेत आणि आरसी बुकाशी जुळतात का ते याच टप्प्यावर पाहावं. नंबर जुळत नसेल, किंवा गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर एक रुपयाही खर्च करण्याआधी कागद सरळ करून घ्यावेत. मृत मालकाच्या नावावरून हस्तांतरणासाठी फॉर्म ३१ लागतो. चेसिस प्लेट चमकवायला पॉलिश पेपर मारू नये. त्याने आकडे पुसट होतात आणि आरटीओत नसता संशय येतो.

अंगावर फुल बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि एन९५ मास्क हवा. उंदीर-घुशींची लेंडी कोरडी झाडायची नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. घाणीवर जंतुनाशकाचा फवारा मारून दहा मिनिटं थांबावं आणि ओल्या कागदाने उचलावी. ब्लीच क्रोम आणि पत्रा खातं, म्हणून ते फक्त घाणीवर, धातूवर नाही. सीटखाली आणि डिकीत हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहावं. साप आणि गांधीलमाश्या दोघांनाही बंद फियाट फार आवडते.

मूळ रंग किती उरलाय ते कसं ओळखायचं

सगळा निर्णय याच तपासणीवर उभा आहे, त्यामुळे इथे पूर्ण एक दिवस द्यावा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आता ऑनलाइन सहज मिळतं. कारखान्यातला रंग लोखंडी पत्र्यावर साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० च्या वर गेलं तर एकदा तरी रंग झालाय. ५०० च्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे असं समजावं. प्रत्येक पॅनेलवर नऊ ठिकाणी मोजून कागदावर काढलेल्या गाडीच्या आकृतीत आकडे लिहावेत. यंत्र नसेल तर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक चालतं. जिथे ते निसटतं तिथे पुट्टी.

मग लपलेल्या जागा पाहाव्यात: डॅशबोर्डच्या खालची बाजू, दाराच्या पॅडमागचा पत्रा, डिकीतल्या स्टेपनीखालचा भाग, काचेच्या बीडिंगखालची कड. तिथला रंग आणि बाहेरचा रंग एकच आहे का? बीडिंगवर, रबरावर, दिव्यांच्या कडेवर फवाऱ्याचे कण दिसतात का? दिसले तर बाहेरचा रंग नंतरचा.

रंगाची जात ओळखण्यासाठी दाराच्या आतल्या कडेवर, नखाएवढ्या जागी, कापसाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून पाच सेकंद टेकवावं. रंग लगेच कापसावर विरघळून आला तर एनसी. सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर बहुधा अलीकडचा टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) रंग, म्हणजे गाडी नंतर रंगवलेली असू शकते. ही चाचणी एकदाच, लपलेल्या जागी. आपण कशाने साफ करणार हे तिच्यावर ठरतं.

आता ठरवायचं. बाहेरचा निम्म्याहून अधिक रंग मूळ असेल आणि तळ, सिल (दारांखालची पत्र्याची कड), जॅकची ठिकाणं भक्कम असतील तर ती गाडी रंगवू नये, कोणी कितीही हिणवलं तरी. फिकटलेला, कुठे घासलेला, दोन-चार ठिकाणी पोचे आलेला मूळ रंग पुन्हा विकत मिळत नाही. मूळ रंग थोडा आणि पत्रा चांगला असेल, तर नंतर मारलेला रंगही राखून गाडी चालती करावी. घाईने रंग देण्यात काही हशील नाही. रंग कधीही देता येतो. पण तळ सडून गेलेला असेल तर ‘आहे तशी’ हा फक्त शोभेपुरता पर्याय आहे. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही. बॉडीच सगळा भार उचलते. सिल आणि जमिनीचा पत्रा गेला की गाडी मधून वाकते, दारं बसत नाहीत. अशी गाडी रस्त्यावर आणायची असेल तर पत्राकाम करावंच लागेल. तिथेही फक्त सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जोडावा आणि वरचा जुना रंग जिथपर्यंत वाचेल तिथपर्यंत वाचवावा. ‘एवढं उघडलंच आहे तर सगळीच करून टाकू’ या वाक्यावर अनेक चांगल्या गाड्यांचा जुना रंग गेला आहे.

जाता जाता: जुन्या गाड्यांच्या बाजारात आता मुद्दाम धूळ मारून ‘शेडमधून काढलेली’ म्हणून गाडी विकण्याचे प्रकारही होतात. खरी जुनी धूळ थरांची असते. वायपर उचलला की खाली स्वच्छ पट्टा दिसतो, छपरावर गळतीच्या थेंबांचे गोल असतात, उभ्या बाजूंवर धूळ कमी आणि आडव्या बाजूंवर जाड असते. सगळीकडे सारखी पावडर दिसली आणि टायरच्या खाचा स्वच्छ असल्या, तर भावात तेवढी घासाघीस करावी.

शेडमधून बाहेर काढणं

नुकसान सर्वांत जास्त इथे होतं. चाकं जाम, टायर चपटे, आणि दहाजण ‘हो-हो’ करत ओढायला तयार. बंपरला दोर बांधून ओढलं तर बंपरचे ब्रॅकेट उपटून येतात.

आधी हँडब्रेक सुटलाय का आणि गिअर न्यूट्रलला आहे का ते पाहावं. स्टिअरिंगवरचा गिअर असेल तर दांडी न्यूट्रल दाखवते आणि खाली गिअर अडकलेला असतो. दांड्यांच्या सांध्यांना तेल देऊन खालून हलवून खात्री करावी. मग जॅक. जॅक फक्त ॲक्सलखाली किंवा सस्पेन्शनच्या भक्कम जागी, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून. सिलच्या जॅक-पॉइंटवर नाही. तो सडलेला असेल तर जॅक सरळ आत घुसतो. उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय हातही खाली घालू नये.

चाक फिरत नसेल तर ब्रेकचा ड्रम चिकटलाय. ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल सोडायची तोटी) अर्धा फेरा सैल करून दाब सोडावा, ॲडजस्टर असेल तो मागे घ्यावा, ड्रमच्या कडेला मुरणारं तेल मारून रात्रभर ठेवावं, मग लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकावं. ड्रम निघाला की आतली धूळ हवेने उडवायची नाही. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाण्याचा फवारा मारून ओल्या कापडाने पुसावी आणि कापड पिशवीत बांधून टाकावं.

टायर हवा धरत असतील तर शेडमधून ट्रकपर्यंत चालतील, त्यापुढे नाही. पद्मिनीचा टायर ५.२०-१४. त्यावर तीन आकडी तारीख असेल तर तो २००० सालाआधीचा आहे. शोभेसाठी जुनं चाक ठेवावं, चालवायला नवा संच घ्यावा.

कोरडी सफाई

योग्य काळ नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात गाडी ओली करू नये, सांध्यांतलं पाणी महिनाभर वाळत नाही.

कोरड्या कपड्याने धूळ पुसली की रंगावर ओरखडे आलेच. आपल्या धुळीत बारीक वाळू असते आणि ती रंगापेक्षा कठीण असते. दोन इंची मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्यावा, त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळावा. एका हाताने धूळ झुलवायची, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड, त्यावर नायलॉनचा मोजा ताणून बांधलेला आणि ओढ कमीत कमी. मोज्यामुळे सुटा बिल्ला किंवा रंगाची पपडी आत जात नाही. छपरापासून सुरुवात, खाली सिलपर्यंत. काउलवरच्या (बॉनेट आणि पुढची काच यांमधल्या पत्र्यावरच्या) झरोक्यातली पानं आणि माती हाताने काढावी. तिथली ओली माती काचेखालचा पत्रा आतून खाते आणि बाहेरून काही कळत नाही. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने नाही, लाकडी काडीने मोकळी करावीत.

खूपदा सफाई इथेच थांबवता येते. कोरडी धूळ गेल्यावर खालचा रंग बघून पुढचं ठरवावं.

ओली सफाई

प्रेशर वॉशर नको. त्याच्या धारेने उचकटलेला रंग पपड्यांनी निघतो आणि पाणी दुहेरी पत्र्यांच्या सांध्यांत शिरतं. सर्व्हिस स्टेशनवर डिझेल किंवा रॉकेलचा हात मारून ‘चमक’ आणतात, तेही नको. दोन दिवस चमकतं, मग तेलावर धूळ बसून काळा थर होतो आणि रबर फुगतं.

एक लिटर डिस्टिल्ड किंवा आरओ पाण्यात ५ मिलि सौम्य, क्षाररहित शांपू. बोअरचं पाणी क्षाराचे डाग ठेवतं. आधी १० सेंमी × १० सेंमी जागेवर चाचणी: कापसाचा बोळा भिजवून, पिळून, रंगावर लोळवायचा, घासायचा नाही. बोळा मातकट झाला तर ठीक, ती घाण आहे. बोळ्यावर गाडीचाच रंग आला तर वरचा थर भुसभुशीत झालाय. तिथे जोर न लावता एकदाच लोळवून थांबावं, नाहीतर कडांवर खालचं प्रायमर उघडं पडतं. दुसरा बोळा नुसत्या पाण्याचा, तिसरा कोरडा. मग पुढची जागा. एका दाराला दोन तास लागले तर वेग बरोबर आहे.

चिकट डाग, झाडाचा चीक, डांबर यांसाठी आधी व्हाइट स्पिरिट (मिनरल टर्पेंटाइन), तेही बोळ्यावर. एनसी रंगावर थिनर किंवा ॲसिटोन कधीही नाही. पक्ष्यांची जुनी शीट ओला कापूस ठेवून वीस मिनिटं मऊ करावी. खालचा डाग गेला नाही तर राहू द्यावा.

सावलीत, पंखा लावून पूर्ण दोन दिवस वाळवावं. मग मेण. ब्रिटिश म्युझियमच्या कामातून निघालेलं रेनेसाँ वॅक्स हे सूक्ष्मस्फटिक मेण इथे सर्वांत निर्धास्त. ते मागवायचं नसेल तर घासणारे कण नसलेलं साधं कार्नोबा मेण. अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी मऊ कपड्याने पुसणं. रबिंग कंपाउंड नको. मूळ रंग आधीच पातळ झालेला असतो, आणि कंपाउंडची एक फेरी कडांवरचा रंग पत्र्यापर्यंत नेते. जवसाचं तेल लावून रंग ‘खुलवण्याची’ टूम परदेशातून आली आहे. ते तेल पिवळं पडतं, घट्ट होतं आणि पुढे काढताना रंग घेऊन येतं.

गंज: कोणता ठेवायचा, कोणता नाही

नखाने खरवडल्यावर नारिंगी भुकटी सुटते तो जिवंत गंज. काळपट, घट्ट, बोटाला न लागणारा गंज बहुतांशी थांबलेला असतो. घट्ट गंजाला फक्त मेण. जिवंत गंज पितळी ब्रशने, कोरडाच, सुटा तेवढा काढायचा आणि लगेच मेण. घासताना मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याच कारणाने सुका पॉलिश पेपर मारायचा नाही.

टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर गंजाला काळं करतं आणि तो काळा डाग परत निघत नाही. ते तळाला, चाकाच्या कमानीत, गालिच्याखाली वापरावं, दिसणाऱ्या जागी नाही. सिलच्या पोकळीत, दारांच्या तळात, बॉनेटच्या घड्यांत नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडावं. तळाला जळकं इंजिन ऑइल मारायची कोकणातली जुनी सवय सोडावी. त्यातली आम्लं पत्र्याला आणि तेल रबराच्या बुशला खातं.

क्रोमच्या बंपरवरचे गंजाचे ठिपके स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासले की उतरतात. क्रोम सोलवटून खालचं निकेल दिसत असेल तिथे फॉइल नको, नुसतं मेण.

आतली बाजू

सीट, गालिचे, दाराची पॅड बाहेर काढताना प्रत्येक स्क्रू त्या-त्या पॅडच्या पिशवीत. बुरशी आधी व्हॅक्यूमने, मग ७० टक्के अल्कोहोलच्या ओलसर कपड्याने, तेही रेक्झिनच्या मागच्या बाजूला रंग सुटतो का पाहून. तास-दोन तास कोवळं ऊन पुरे. दिवसभर कडक उन्हात ठेवलेलं जुनं रेक्झिन तडकतं. खोबरेल तेल किंवा डॅशबोर्ड पॉलिश लावू नये, दोन्ही धूळ धरतात.

गादीतला काथ्या उंदरांनी पोखरला असेल तर कुशनवाल्याला एकच गोष्ट स्पष्ट सांगावी: वरचं कापड उसवून ठेवायचं, आतलं भरण बदलायचं, कापड पुन्हा त्याच शिलाईच्या भोकांतून शिवायचं. ‘नवीन कव्हर टाकतो, स्वस्तात पडेल’ असं तो म्हणेलच, आणि त्याचं खरंही असतं. तरी आपला हट्ट सोडू नये.

इंजिन: धक्का मारून चालू करू नका

१०८९ सीसीचं हे इंजिन चिवट आहे, पण सुक्या सिलिंडरवर सेल्फ मारला की रिंगा ओरखडे काढतात आणि चिकटलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. क्रम असा ठेवावा.

बॅटरी काढून ठेवा. टर्मिनलवरची पांढरी-निळी भुकटी एक चमचा खाण्याचा सोडा कपभर पाण्यात घालून धुवा, खाली फडकं धरून, रंगावर सांडू न देता. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणारच. पहिला करंट देताना बॅटरीच्या वायरीत फ्यूज टाकावा, हाताशी आग विझवायचं सिलिंडर असावं.

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिलि मिश्रण सोडा: निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, निम्मं ॲसिटोन. आसपास ठिणगी नको, रंगावर थेंब नको. दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने, पुढे-मागे, थोडंथोडं. हललं नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा दोन दिवस. लांब पाइप लावून जोर करू नये. आठवड्याभरात सुटलं नाही तर हेड काढणं स्वस्त पडतं.

इंजिन फिरायला लागलं की रॉकर कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का पाहा. जुनं ऑइल काढताना ते चहाच्या रंगाचं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, नवा फिल्टर, आणि प्लग न लावता सेल्फने ऑइलचा दाब येईपर्यंत फिरवा. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट साफ करून प्लग लावा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२.

पेट्रोलची टाकी काढून रिकामी करा. वार्निशसारखा वास म्हणजे पेट्रोल डिंक झालंय. तीच चिकटी कार्बोरेटरच्या जेटमध्येही असते. रबरी पेट्रोल पाइप सगळे बदला, दिसायला चांगले असले तरी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात मऊ पडतं. इथेनॉलला टिकणारा, एसएई जे३० आर९ दर्जाचा पाइप मागावा. पंपाचा डायफ्रॅमही त्याच कारणाने बदलावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ब्रेकमध्ये तडजोड नाही: मास्टर सिलिंडर आणि सगळ्या व्हील सिलिंडरचे वॉशर, तिन्ही रबरी होज आणि ब्रेक ऑइल नवं. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर लेथवाल्याकडून स्लीव्ह घालून घ्यावी, म्हणजे बाहेरचं मूळ ओतकाम राहतं. मुंबईत सीएसटी रोड, कुर्ला इथे जुने पार्ट मिळतात, पण रबरी माल तिथला जुना साठा नको, ताज्या तारखेचा घ्यावा. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत, लेबलसह, डिकीत.

काळी-पिवळी असेल तर

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. अशी निवृत्त टॅक्सी हाती आली तर वरचे नियम थोडे उलटतात. तिचा कारखान्यातला रंग केव्हाच गेलेला असतो. ब्रशने मारलेला काळा-पिवळा रंग, दारावर हाताने लिहिलेली अक्षरं, बाहेर लावलेलं यांत्रिक मीटर, छतावरचं कॅरिअर, आत लावलेली छपराची रंगीबेरंगी छापील कापडं, तेच तिचं मूळ रूप. ब्रशचे फराटे गुळगुळीत करू नयेत. शोरूमसारखी चकचकीत टॅक्सी मुंबईत कधी धावलीच नव्हती.

विंटेज नोंदणी

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. डिझेल इंजिन टाकलेल्या फियाट इथेच अडकतात. या नोंदणीवर रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच नूतन करत राहावी.

नंतर ठेवायची कशी

प्लास्टिकची ताडपत्री अंगावर टाकू नये, आत घाम सुटतो. सुती कव्हर घालावं. जांभ्याच्या भिंती आणि कोबा ओल सोडतात, म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरून भिंतीपासून दोन फूट अंतर ठेवावं. शेडमध्ये साधा आर्द्रतामापक टांगावा. ६० च्या वर सतत जात असेल तर बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावावा. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, आणि इंजिन चालू करण्याआधी ती काढायची आठवण म्हणून किल्लीला चिठ्ठी अडकवावी. उंदरांना विष घालू नये. मेलेला उंदीर सिलच्या पोकळीत सापडत नाही, फक्त वास येतो. पिंजरा लावावा.

गाडी गॅरेजला द्यायची असेल तर तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर लिहून मिस्त्रीची सही घ्यावी: कुठल्या पॅनेलला हात लावायचा नाही, कुठली स्टिकर काढायची नाहीत, पत्रा कापण्याआधी फोन करायचा, काढलेले सगळे पार्ट परत द्यायचे, आणि गाडी द्यायच्या दिवशी ‘जरा पाणी मारून’ द्यायची नाही. हा शेवटचा मुद्दा लाल पेनाने लिहावा, कारण मालक खूश व्हावा म्हणून गॅरेजातला पोरगा नेमकं तेच करतो.